बाबांची पहिली टक्कर

सोमवार, १२ नोव्हेंबर

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. फोन न करता लिहितेय, कारण आमच्या भिंती म्हणजे नुसते पडदे. इकडे मी कुजबुजले की तिकडे बाबांचा रेडिओ लगेच बारीक होतो. आणि कालची हकीकत कुजबुजत सांगण्यासारखी नाहीच. हसून हसून बरगड्या अजून दुखतायत.

आधी थोडं मागचं. तीन आठवड्यांपूर्वी बाबांनी गाडी बँकेसमोरच्या खांबाला घासली आणि मी चावी तांदळाच्या डब्यात लपवली, हे तुला कळवलं होतंच. तेव्हापासून अबोला. चौतीस वर्षं बस चालवलेल्या, विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवलेल्या माणसाची चावी पोटच्या पोरीनं काढून घ्यावी, हा त्यांचा एक मुद्दा. खांबच चुकीच्या जागी आहे, हा दुसरा. घरातला सगळा व्यवहार तुझ्या भाचीमार्फत. तुझ्या आईला सांग, चहात साखर कमी आहे. तुझ्या आजोबांना सांग, मुद्दामच कमी आहे. पोर सात वर्षांची, पण दोन्हीकडून बिस्किटं उकळून निरोप्याचं काम झकास करत होती.

तुझ्या मेहुण्यांना हे असह्य झालं. दिवसभर लोकांच्या घरच्या तारा जोडायच्या आणि आपल्याच घरात लाइन तुटलेली, असं म्हणून त्यांनी रविवारी सगळ्यांना थीम पार्कला न्यायचं ठरवलं. बाबा नाही म्हणतील म्हणून कंडक्टरकाका-काकूंना आधी आमंत्रण दिलं. बावीस वर्षं ज्यांनी आपल्या मागे घंटी वाजवली त्यांना बाबा नाही म्हणूच शकत नाहीत.

काका-काकूंनी तिथं जो धुमाकूळ घातला तो काय वर्णावा! सासष्ट वर्षांच्या काकू रोलर कोस्टरमध्ये पहिल्या बाकावर बसल्या. उतारावर त्यांचं गंगावन सुटलं आणि मागच्या धिप्पाड गृहस्थांच्या मांडीवर जाऊन पडलं. त्यांना वाटलं मांजर. ते बिचारे रोलर कोस्टरला ओरडले नसतील एवढे गंगावनाला ओरडले. काकूंनी खाली उतरून ते परत मागितलं, झटकलं, अंबाड्यात खोचलं आणि पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. तुझे मेहुणे गरगर फिरणाऱ्या कपबशीत बसले आणि उतरल्यावर अर्धा तास एका खांबाला मिठी मारून होते. तुझी भाची त्यांना वारा घालत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की हे माझे बाबा आहेत, असे नेहमी नसतात.

आपले बाबा मात्र बाकावर. मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या, चेहरा बस चुकलेल्या माणसासारखा.

दुपारी आम्ही डॅशिंग कारच्या मांडवाशी आलो. त्या रबरी पट्टा लावलेल्या छोट्या गाड्या, एकमेकांवर आपटायच्या. काका बाबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की ड्रायव्हर, गाडी लागलीय, चला. दादा, बाबा सवयीनं उठले की रे! सात नंबरची लाल गाडी घेतली. बसल्या-बसल्या वर हात नेऊन आरसा नीट करायला लागले. आरसा नव्हताच. मग मागे वळून बघितलं. काकांनी कठड्यावर किल्लीनं टण टण दोन ठोके दिले आणि बाबा निघाले.

आता खेळ काय, तर आपटा. आणि बाबा काय करतात, तर कठड्याच्या कडेकडेनं, एका वेगात, हात बाहेर काढून वळणाची खूण करत फेऱ्या मारतात! कोणी अंगावर आलं की आधीच वेग कमी, वाट देतात, पुढे जातात. अख्खी पाळी संपली, बाबांना कोणाचा स्पर्श नाही. दुसरी पाळी. तीच तऱ्हा. लोक आईस्क्रीम हातात धरून बघायला थांबले. ते मांजरवाले गृहस्थ खास बाबांना आपटायला गाडीत बसले, त्यांनाही जमलं नाही. काका कठड्यावरून सगळ्यांना सांगत होते की चौतीस वर्षांत नाही लागली, तुमच्याच्यानं काय लागणार.

मला काय झालं कोण जाणे. मी निळ्या गाडीत जाऊन बसले. आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. थोडा वेळ जागच्या जागीच फिरले. तेवढ्यात कोपऱ्यात एक छोटी मुलगी गाडीत अडकून रडायला लागली. तिला वाट द्यायला बाबा कडा सोडून आत वळले आणि मी पाय दाबला तो दाबलाच. धाडकन! बाबांची टोपी उडाली.

मनात म्हटलं, आता एकोणीस दिवसांची एकोणीस वर्षं होणार. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. दादा, ते हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मधे कोणी निरोप्या न घालता थेट मला म्हणाले की पोरी, वळताना हात तरी दाखवायचास. त्यानंतर त्यांनी जो माझा पाठलाग केला! पुढच्या पाळीत मला सहा वेळा ठोकलं, काकांना चार वेळा, त्या गृहस्थांना किती ते मोजलं नाही. शेवटी माइकवरच्या माणसानं विनवलं की सात नंबरच्या आजोबांनी आता कृपा करून उतरावं, मागे रांग लागली आहे.

येताना बसमध्ये गप्प होते. दमले असतील. पण आज सकाळी चहा मी दिला आणि त्यांनी माझ्याच हातून घेतला. चावीचं नाव काढलं नाही. मी जिंकले असं धरून चालतेय.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच. उत्तर लांबलं तर तो कमी झाला असं समजेन.

तुझी,
ठकी


बुधवार, १४ नोव्हेंबर

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

ठकीचं पत्र तुला मिळालं असेल. तिनं सगळं तिखटमीठ लावून लिहिलं असणार, आणि तरी ते खरंच असेल. मी हसलो. तुझी आई गेल्यापासून एवढा हसलो नव्हतो. ठोकण्यात एवढी मजा असते हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं. नोकरीत असताना कळलं नाही ते प्रवाशांचं नशीब.

आता जे लिहितो ते ठकीला कळवू नकोस.

मी कडेकडेनं गाडी हाकत होतो ते कौशल्य नव्हे. कठडा मी डाव्या अंगाला ठेवला होता, कारण डाव्या डोळ्यानं मला दिसत नाही. सहा-सात महिने झाले. आधी धूर साचल्यासारखं होतं, आता दुधाची पिशवी डोळ्यासमोर धरल्यासारखं. कठडा डावीकडे असला की तिकडून कोणी येत नाही आणि उजवीकडचं मी अजून पक्कं सांभाळतो. लोक वाहवा करत होते आणि मी मनात म्हणत होतो की चाललंय, निभतंय. ती मुलगी अडकली तीसुद्धा मला दिसली नाही, रडणं ऐकू आलं. म्हणून कडा सोडली, आणि ठकी डावीकडून आली. आपटेपर्यंत मला पत्ता नव्हता.

बँकेसमोरचा खांबही मी पाहिला नव्हता. खांब चुकीच्या जागी आहे असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. पण खांबाला लागून भाजीची पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. गाडी घासल्यावर तिनं किंकाळी मारली, तेव्हा मला ती दिसली. दीड हात अंतर होतं. ठकीला हे माहीत नाही. तिनं चावी घेतली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं, कारण ती बरोबर होती.

डॉक्टरकडे गेलो तर ते काय म्हणतील हे कळतं. चावी गेली ती गेली, पण ती ठकीनं रागानं लपवलीय असं म्हणता येतं तोवर मी ड्रायव्हर आहे. डॉक्टरनं लिहून दिलं की मी नुसता म्हातारा. एवढंच आहे ते.

फोनवर बोललो असतो तर तुझ्याशी भांडलो असतो. म्हणून लिहिलं. सूनबाईंना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा,
बाबा


सोमवार, १९ नोव्हेंबर

ती. स्व. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र क्रेनच्या केबिनमध्ये बसून वाचलं, जेवणाच्या सुट्टीत. खाली बंदर आणि वर मी, त्यामुळे माझे डोळे पुसलेले कोणाला दिसले नाहीत.

बाबा, मला दर वर्षी डोळे तपासून घ्यावे लागतात. त्याशिवाय वर चढूच देत नाहीत. गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या क्रेनवाल्याला असंच दुधासारखं दिसत होतं. मोतीबिंदू निघाला. सकाळी दवाखान्यात गेला, दुपारी घरी आला, दोन महिन्यांनी पुन्हा वर. आता त्याला इतकं दिसतं की माझ्या डब्यात काय आहे ते तो त्याच्या केबिनमधून सांगतो. तुमचंही तेच असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण न बघता तुम्ही स्वतःला म्हातारा ठरवून मोकळे झालात, हे काही ड्रायव्हरचं लक्षण नाही. गाडी बंद पडली तर तुम्ही आधी बॉनेट उघडायचात.

ठकीला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आठ दिवस देतो. नवव्या दिवशी मी तिला लिहीन, आणि त्या बाईचंही लिहीन. धमकी समजा. ठकी तुम्हाला रागवेल, मग रडेल, मग चहात जास्त साखर घालेल. त्याच्या पुढे काही होणार नाही.

आणि मला एक सांगा, त्या धिप्पाड गृहस्थांना किती वेळा ठोकलंत?

आशीर्वाद असावेत. ते आहेत म्हणूनच धमकी द्यायचं धाडस केलं.

तुमचा,
थोरला


रविवार, २४ फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं हे तुला दोन ओळींत कळवलं होतं. बाकीचं आज बैजवार लिहिते. आज लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही.

बाबांनी मला कसं सांगितलं ते तू ओळखणारच नाहीस. सत्तावीस नोव्हेंबरला दुपारी मी कामावर, औषधांच्या दुकानात गोळ्या मोजत होते. काउंटरसमोर चार माणसांची रांग आणि चौथे बाबा. मी पुढे बोलावलं तर मानेनं नाही म्हणाले. आपला नंबर आल्यावर काउंटरवर दोन्ही हात ठेवून, जसं एखादं अनोळखी गिऱ्हाईक बोलतं तसं म्हणाले की डाव्या डोळ्यानं काही दिसत नाही, सात महिने झाले, काही देता येईल का. आणि मग खांबाजवळच्या बाईचं सांगितलं. माझ्या हातातल्या गोळ्या सगळ्या फरशीवर. मागच्या माणसानं त्या वेचल्या. मी रागावले, मग रडले. मालकांनीच मला सुट्टी देऊन टाकली आणि तिथून आम्ही थेट डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. मोतीबिंदूच, आणि चांगला पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एवढा पिकेपर्यंत थांबायला जिद्द लागते. बाबांना ती स्तुती वाटली.

तू सगळं आधीपासून जाणत होतास हे बाबांनी नंतर कबूल केलं. तुझ्यावर मी दोन दिवस फुगले होते. आता नाही.

पट्टी निघाल्यावर बाबांनी आधी घरभर फिरून कुठे कुठे धूळ आहे ते मला दाखवलं. मग माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले की तुझे एवढे केस कधी पिकले गं. पोर रोज समोर वावरते आणि आपल्याला कळत नाही, म्हणाले. एरवी मी चिडले असते.

डॉक्टरीणबाईंनी महिन्याभरानं गाडी चालवायला परवानगी दिली. त्या दिवशी मी स्वतः तांदळाच्या डब्यातून चावी काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती घेतली, शर्टाच्या टोकानं पुसली आणि माझ्याच तळहातावर ठेवली. म्हणाले की मला येतं ते मला ठाऊक आहे. तुला येत नाही ही चूक माझी, थोरल्याला शिकवलं आणि तुला शिकवलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानात माझी शाळा भरायची. मास्तर कडक. क्लच असा सोड की मागच्या म्हातारीच्या हातातलं दूध सांडता कामा नये. मागे म्हातारी नाही, दूध नाही, पण मी आरशात बघून तिची माफी मागते. एकदा मी एका पिंपाला ठोकलं, तर बाबांनी खाली उतरून पिंपालाच विचारलं की तुम्हाला लागलं का. गेल्या मंगळवारी परीक्षा पास झाले. पहिल्या फटक्यात!

तर आज पहिल्यांदा मी सगळ्यांना घेऊन कंडक्टरकाकांकडे निघाले. चाळीस मिनिटांचा रस्ता, भरपूर वर्दळ. तुझे मेहुणे आणि पोर मागे, बाबा माझ्या शेजारी. पहिली दहा मिनिटं त्यांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता आणि तोंड चालू होतं. डावीकडून सायकल. पुढे शाळा. ट्रकच्या मागे चिकटू नकोस. मग हळूहळू बोलणं कमी झालं, मग बंदच. मला वाटलं काहीतरी चुकलं, रागावले. सिग्नल लागला तेव्हा भीतभीत बाजूला बघितलं.

बाबा झोपले होते. मान एका बाजूला, तोंड उघडं, हात मांडीवर सैल. दुसरं कोणी गाडी चालवत असताना त्यांचा डोळा लागलेला मी जन्मात पाहिलेला नाही. आठवून बघ, तूही नसशील. मागून पोरीनं त्यांच्या खांद्याला हात लावायला हात पुढे केला, तो मी आरशातूनच डोळे वटारून मागे घ्यायला लावला.

काकांच्या घरापाशी आलो तर काका-काकू फाटकात उभे राहून जोरजोरात हात हलवत होते. मी ओठांवर बोट ठेवून आत झोपलेल्या बाबांकडे खूण केली. काका वाकून काचेतून बघत राहिले, मग त्यांनी काकूंचा हात धरून तो खाली केला आणि मला पुढे जायची खूण केली. मी गाडी थांबवलीच नाही. अगदी सावकाश, वळणावर हात दाखवून, त्या गल्लीला अजून एक फेरी मारली.

वहिनीला नमस्कार. उन्हाळ्यात तुम्ही दोघं याल तेव्हा स्टेशनवर न्यायला मी येईन. भीती वाटत असली तरी या.

तुझीच,
ठकी