मनोरीच्या लग्नाची रसद

बोरीवली,
मार्गशीर्ष, १९८६

चि. राजाराम यास,

भावोजींचे अनेक आशीर्वाद. तिकडच्या थंडीत तुझं नाक, कान जागच्या जागी असतील असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत. तुझ्या कुंदाताईचा घसा बसलाय, पण तो लग्नात बोलून बोलून. औषधाची गरज नाही. शुभा सासरी मालाडला छान रुळलीय. भाचीच्या लग्नाला तू नव्हतास म्हणून हे सविस्तर लिहितो, आणि त्यात जी वाट लागली तिला जबाबदार तूच आहेस, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या रजेत तू आमच्या गॅलरीत बसून, माझ्या वाटणीची भजी खात, मला युद्धशास्त्र शिकवलंस. विमानात पीठ, रॉकेल आणि माणसं भरून डोंगरावर पोचवायची, हे तुझं काम. मी आपला म्हणालो, म्हणजे हमालीच की रे. तर केवढा उखडलास! म्हणे, भावोजी, नुसत्या बंदुका दाखवून कोणी घाबरत नाही. आपला माणूस आणि त्याची रसद हवी तिथे, हवी तेव्हा पोचते हे समोरच्याला दिसलं, की तो मुळात कुरापतच काढत नाही. मला तेव्हा काही ते पटलं नव्हतं. पुढे सुगंधाआत्यांबद्दल ऐकलं आणि एकदम पटलं.

सुगंधाआत्या म्हणजे आपल्या जावयाची आत्या. त्यांची ख्याती अशी, की घरातल्या कुठल्याही लग्नात मुहूर्त जवळ आला की त्या नेमकी नसलेली वस्तू मागतात आणि रुसून बसतात. एका लग्नात जायफळाची कॉफी, दुसऱ्यात आंघोळीला कढत पाणी. दोन्ही मुहूर्त टळले. त्यात वरपक्षाच्या हौसेखातर आपलं लग्न मनोरीला, त्यांच्या ओळखीच्या बंगल्यात. म्हणजे एखादी वस्तू राहिली तर होडीने खाडी ओलांडून मार्वे, तिथून मालाड, आणि परत! तोवर मुहूर्त काय बसून राहतो? पोरीचं लग्न या बाईंच्या मर्जीवर टांगलेलं, त्यामुळे कुंदाला घास जाईना.

मग मी तुझं शास्त्र बाहेर काढलं. आत्यांच्या मनात येईल ते सगळं आधीच पलीकडे हवं! बंब, खाट, जायफळ, तपकीर, एक मऊ उशी, एक कडक उशी, पायाला चोळायचं तेल आणि शेळीचं दूध (शेळीसकट, कारण दूध नासतं). मार्व्याच्या धक्क्यावरून खेपांवर खेपा. होडीवाला धाकू वैतागून म्हणाला, "शेठ, लगीन हाय का बिऱ्हाड?" शेळीने वाटेत माझ्या फेट्याचा शेमला खाल्ला (फोटोत मी फक्त डाव्या बाजूने दिसतो, त्याचं कारण हे). आणि हा सगळा पसारा मी जानवशाच्या व्हरांड्यात नीट मांडून ठेवला, कारण रसद समोरच्याला दिसली पाहिजे, हे तुझंच म्हणणं.

आत्या आल्या. व्हरांडाभर फिरल्या. बंबाला हात लावला, उशा दाबून पाहिल्या, शेळीकडे बघितलं. शेळीनेही त्यांच्याकडे बघितलं. मग गुपचूप खाटेवर बसल्या. मागायला काही उरलंच नव्हतं रे! झकास! मी लांबूनच कुंदाला डोळा मारला (या वयात). इतक्यात भटजींनी अंतरपाट धरला आणि हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.

अख्खं बिऱ्हाड खाडीपार नेलं आणि मामा? तुझी रजा रद्द झाल्याची तार आली तेव्हा मी शेळी शोधत होतो. तुझ्या जागी कोणाला उभं करायचं हे ठरवायचं साफ राहून गेलं. आत्या ताठ झाल्या. "मामाशिवाय मुलगी मांडवात येणार कशी?" असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सापडली एकदाची त्यांना नसलेली वस्तू!

तेव्हा तुझी ताई पुढे झाली. आवाज जराही चढवला नाही. "माझा भाऊ बर्फातल्या पोरांना पीठ आणि रॉकेल पोचवतोय. त्यांना उपाशी ठेवून त्याला बोलावू का? तुम्ही म्हणा, लगेच तार करते."

आत्या वळल्या. त्यांनी एवढंच विचारलं, कुठल्या बर्फात? कुंदाने सांगितलं. राजाराम, त्यांचा एकुलता एक भीमराज फौजेत आहे आणि यंदाची थंडी तो तिथेच, चौकीवर काढतोय. बाई कधी कोणाकडे त्याचं नाव काढत नाहीत, त्यामुळे आम्हाला पत्ताच नव्हता. त्या उठल्या, शुभाचा हात धरला आणि मामाच्या जागी स्वतः तिला मांडवात घेऊन आल्या. मुलाकडच्या बाईने मुलीला आणायचं म्हणून भटजी काहीतरी पुटपुटले, पण आत्यांना नाही म्हणायची कोणाची छाती? मुहूर्त साधला. मला रडू आलं, तुझ्यापासून कशाला लपवू?

बोटं सांभाळ. तुझी हमाली मोठी आहे रे बाबा.

तुझा भावोजी,
श्यामकांत

ता. क. : बंब, खाट आणि दोन्ही उशा अजून मनोरीलाच आहेत. धाकू परतीच्या खेपांचं नावही काढू देत नाही. तुझं एखादं विमान इकडून रिकामं जात असेल तर बघ ना. (विमानात शेळी चालते का?)

पुन्हा ता. क. : खरं काम हे. वेगळ्या पार्सलने डिंकाच्या लाडवांचा डबा येतोय. आत्यांनी भीमराजसाठी केलेत. पहिल्या विमानाने वर गेला पाहिजे, आणि वाटेत कोणी उघडायचा नाही. संक्रांतीला त्या आमच्याकडे येणार आहेत. त्यांचा निरोप जसाच्या तसा कळवतो : लाडू मिळाल्याचं पोराचं पत्र येईपर्यंत त्या रुसलेल्या नाहीत, पण तयारी ठेवून आहेत.