सेन्याच्या कबरीवरचं तण

इवानोवो, १२ ऑक्टोबर १९६९

प्रिय झिनावहिनी,

तुझी तब्येत बरी असेल, मुलं मजेत असतील. आमच्याकडे थंडी लवकर आली. हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. पोस्टात पत्रं उघडतात. गिरणीतली रुफीना तुमच्याकडेच येते आहे, तिच्या हाती देते.

गिरणीच्या सहलीबरोबर जाऊन आले. चेकोस्लोव्हाकिया सुंदर आहे. फुटपाथ धुतल्यासारखे. तुझ्यासाठी काचेची फुलदाणी घेतली. दुकानात मी तोंड उघडलं आणि विक्रेतीने पाठ फिरवली. आमची तमारा तर दुसऱ्या दिवसापासून मुक्यासारख्या खुणा करूनच खरेदी करायला लागली, आपण रशियन आहोत हे कळू नये म्हणून. मी नाही केल्या. मला वाटलं होतं, आपण यांना पंचेचाळीस साली जर्मनांपासून सोडवणाऱ्यांची माणसं, गळ्यात पडतील. रस्ता विचारला तर लोक आकाशाकडे बघत.

तू कबरीचं विचारशील. सांगते.

गटप्रमुख लापशिनने ब्रनो शहरातून एकटीने कुठेही जायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी बस पकडून गेले. सेन्याचं नाव दगडावर आहे, पण गुडघाभर तण. कुंपणापलीकडे एक म्हातारी उभी होती, बोझेना. मोडकंतोडकं रशियन बोलली. इतकी वर्षं तीच कबर साफ करायची म्हणे.

मी चिडले. म्हटलं, "मग आता काय झालं? माझा भाऊ तुमच्यासाठी मेला."

"म्हणूनच फुलं ठेवत होते," ती म्हणाली. "त्याच्याशी माझं भांडण नाही. पण गेल्या वर्षीच्या ऑगस्टात तुमचे रणगाडे आमच्या दारावरून गेले. तेव्हापासून या फाटकातून आत पाय टाकवत नाही."

मी कबरीशी गुडघे टेकले आणि हाताने तण उपटलं. ती बघत राहिली, आत आली नाही. मीही बोलावलं नाही.

परतल्यावर गिरणीत सभा. तिथे झालेल्या बंधुभावाच्या स्वागतावर मी बोलायचं होतं. लापशिनने भाषण लिहूनच दिलेलं. ते घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हटलं, "तिथे आम्हाला कुणी रस्ता सांगितला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही सांगितला नसता." कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेतल्या विणकरणी मात्र खाली बघायच्या थांबल्या.

आता मला नव्या मागांवरून काढून कापूस झाडायच्या धुळीच्या खोलीत टाकलंय. परदेश कायमचा बंद. लापशिन म्हणतो, देशाची लाज घालवलीस. मी म्हटलं, लाज मी नेली नव्हती, ती तिथे आधीच पोचली होती.

वहिनी, तू त्याची बायको आहेस, तुला अजून परवानगी मिळेल. अर्ज कर. तण पुन्हा वाढलं असेल. बोझेनाचं दार वाजव, रशियनमध्येच बोल, आणि ती जे सांगेल ते उभं राहून ऐक. परत आलीस की त्यांनी लिहून दिलेलं भाषण वाचू नकोस.

माझी काळजी नको. खोकला येतो, पण मान ताठ आहे.

तुझ्या सेन्याची बहीण, आणि त्या रणगाडेवाल्यांसारखीच रशियन,
कापितोलिना