बाबांनी न मोडलेला बांध

लानेव्हर,
१४ मार्च १९९६

प्रिय आयवर,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. इकडे सगळं बरं. यंदा कोकरं लवकर आली. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण चालायचंच.

गावाच्या उत्पत्तीवर बोलायला समितीने तुला बोलावलंय. तू सांगशीलच, की बाराशे वर्षांपूर्वी सीमेपलीकडच्या इंग्लिश राजाने आपल्या वेल्श लोकांना अडवायला मातीचा बांध घातला, त्याच्या खिंडीत मेंढ्यांचा बाजार भरू लागला आणि बाजाराचं गाव झालं. तुझा आवाज चांगला आहे. लोक ऐकतील.

बांधावरचा नवा फलकही तूच उघडणार. समितीच्या मिसेस प्यूंनी मजकूर मला तपासायला दिला. त्यात होतं: 'येथील चाळीस पावलं बांध १९७१ मध्ये शेतकरी एलिस प्रॉसर यांनी सपाट केला.'

एलिस प्रॉसर, म्हणजे आपले बाबा, त्या दिवशी बाजारात होते. ट्रॅक्टरला सरळ वाट हवी म्हणून बांधावर माती लोटायचं यंत्र तू चालवलंस. मी दारात उभी राहून "जरा जपून" एवढंच म्हटलं.

असा जुना बांध मोडणं गुन्हा, पोलीस येणारच होते. संध्याकाळी बाबा म्हणाले, "पोराला कार्डिफला मास्तरकी लागतेय, त्याचं नाव नको. मी म्हातारा, माझं काय वाकडं होणार?"

पबमध्ये ते शिरले की लोक ओरडायचे, "आला बघा, राजाचा बांध गिळणारा! गाव जिथे जन्मलं तीच जागा पुसली मेल्याने!" पुढे त्यांनी जाणंच सोडलं. मरेपर्यंतची चौदा वर्षं स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खुर्चीत बसून काढली. तू नाताळला यायचास आणि त्यांनाच बांधाचा इतिहास ऐकवायचास. ते मान डोलवायचे. लाज कशी वाटली नाही रे तुला?

तुला बोलते खरी, पण एक गोष्ट तुलाही ठाऊक नाही. 'यंत्रावर वडीलच होते' या पोलिसांच्या कागदावर सही माझी आहे. काल मिसेस प्यूंना सगळं सांगितलं. त्या रडल्या. म्हणाल्या, "अगं, मीसुद्धा त्यांना बघून रस्ता बदलायचे गं."

फलकावर आता तुझं नाव आहे. पडदा ओढणाऱ्याने मजकूर मोठ्याने वाचायचा असतो. तू आला नाहीस तर मी वाचेन, आणि माझ्या सहीचंही सांगेन.

आलास तर घरी जेवायला ये. फक्त चुलीजवळच्या खुर्चीत बसू नकोस.

एलिस प्रॉसर यांची मुलगी,
एनिड