साहेब म्हणतील तसं

आप्पा, तुमच्या खटल्याची नक्कल आज कपाटात सापडली. जुन्या साड्यांच्या घडीखाली, मागे शिरूर कोर्टाचा शिक्का अजून स्पष्ट. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, मी शाळेतून निवृत्त होऊनही जमाना झाला, तरी ते कागद हातात धरले आणि कपाट उघडं टाकून तिथेच फरशीवर वाचत बसले. आता हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

तुम्ही शिरूरच्या तेलगिरणीवर रखवालदार. गिरणीतली पितळी वजनं नाहीशी झाली आणि मालकानं तुमच्याकडे बोट दाखवलं. पहिल्याच तारखेला निकाल! दोन महिन्यांची कैद. वकील दिलेला नव्हता, आणि मी इकडे दौंडला चौथीच्या वर्गावर. निरोप मिळाला तशी धावत आले, तर तुम्ही कोर्टाच्या पायरीवर बसून शांतपणे तंबाखू मळताय. अपील करायचं म्हणून महिनाभराचा जामीन तेवढा मिळालेला. "काय विचारलं तुम्हाला?" "गुन्हा कबूल हाय का म्हणले." "मग?" "मग काय? साहेबासंगं हुज्जत घालायची व्हय?" मी कपाळावर हात मारून घेतला. विहारात जयभीम म्हणताना छाती काढून उभा राहणारा माझा बाप, कचेरीची पायरी चढला की हात जोडूनच उभा! असा संताप आला होता तुमचा, आत्ता लिहितानाही येतोय.

दौंडचे वकीलसाहेब म्हणाले, "बाई, कबुली दिली असेल तर अपिलात धरायला फारसं काही उरत नाही. आधी निकालाची नक्कल आणा." मग माझ्या शिरूरला खेपा. आज या, उद्या या, साहेबांची सही राहिलीय. शेवटी मिळाली. परतीच्या एस्टीत खिडकीशी बसून मी वाचतेय. पहिलं पान, दुसरं पान, आणि तिथे तुमच्याच तोंडचे शब्द, जसेच्या तसे: 'गुन्हा कबूल आहे काय असे विचारता आरोपी म्हणाला, साहेब म्हणतील तसं.' आप्पा, मी ताडकन उभीच राहिले! कबूल कुठं म्हणालात तुम्ही? कंडक्टर ओरडला, "बाई, खाली बसा, न्हावऱ्याचा थांबा लांब हाय अजून." मी म्हटलं, "अहो, माझे वडील कबूल म्हणालेच नाहीत!" तो बिचारा "बरं झालं" म्हणून पुढं तिकिटं फाडायला गेला.

पुण्याच्या जज्जसाहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. हा आदर झाला, कबुली नव्हे, म्हणाले. शिक्षा रद्द, खटला शिरूरला नव्यानं चालवा! बाहेर व्हरांड्यात वकीलसाहेबांनी हसत विचारलं, "आप्पा, हे असं बोलायला कुणी शिकवलं तुम्हाला?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "कुनी न्हाई. माजं मलाच सुचलं." मी नक्कल घडी घालून पिशवीत ठेवायला लागले.

आणि मग ती शिरूरची तारीख. तोच प्रश्न. तुमचे हात जोडायला निघाले, मधेच थांबले, खाली आले. "न्हाई साहेब. म्या वजनं न्हाई नेली." काय आवाज होता तो! मग उलटतपासणीत गिरणीचा मुनीम घामाघूम. वजनं त्यानंच सरकारी वजनमाप कचेरीत तपासणीच्या शिक्क्यासाठी पाठवली होती, विसरला, आणि मालकाच्या धाकानं तोंड उघडेना. तुम्ही सुटलात. मी कोर्टाच्या आवारात सगळ्यांना पेढे वाटले, शिपायालासुद्धा. त्यानंतर जन्मभर सांगत आले, नक्कल वाचून बापाला मी सोडवलं.

त्याच नकलेला तुम्ही एक पोस्टकार्ड टाचून ठेवलंय. तुम्ही गेल्यावर तुमच्या ट्रंकेत हे सगळं मिळालं तेव्हाच मी ते पाहिलं होतं, आणि मीच साड्यांखाली सारून दिलं होतं. पहिल्या तारखेच्या आधी दौंडहून मीच धाडलेलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, शेजाऱ्यांनी वाचून दाखवलं असणार. 'कोर्टात हुज्जत घालू नका. साहेब म्हणतील तसं म्हणा.' तुम्ही ते वकिलांना दाखवलं नाहीत, आणि मला तर त्यावरून कधी एक शब्दही बोलला नाहीत.

हे पत्र कुठे टाकणार? त्या कार्डाशेजारी ठेवते. अक्षर माझंच आहे, आप्पा. मला कबूल आहे.