बघू म्हणजे काय

६ जानेवारी, सोमवार
छापून आलं! भागीआत्याच्या फोटोखाली — ‘बंगल्यांच्या रस्त्याला कडावच्या भागीबाईंचा पाठिंबा.’ बातमी आमच्याच पीआर ऑफिसातून गेलेली. मालक जितेशसरांनी लिहिली, मला दाखवलीही नाही.

ते आत्याकडे गेले तेव्हा मी बरोबर होते. तुमच्या भाताच्या खाचरातून रस्ता द्याल का, त्यांनी विचारलं. तिने चहा दिला आणि म्हणाली, “बघू.”

आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं, बघू म्हणजे नाही. दारी आलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, एवढंच. सर दादरचे. त्यांनी केला होकार!

७ जानेवारी
आत्याचा फोन. ओरडली नाही, तेच जास्त लागलं. “सव्वीसच्या ग्रामसभेत आता कंच्या तोंडानं नाय म्हनू गं?”

सरांना म्हटलं, खुलासा छापू. म्हणाले, बंगलेवाला क्लायंट जाईल.

ऑफिसात जनसंपर्क संघटनेचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. शेजारी नियम — कुणाचं बोलणं बदलून छापू नये. रोज त्याच्याखाली बसून डबा खाते मी! घरी आले आणि संघटनेकडे तक्रार टाकली.

११ जानेवारी
संघटनेकडून काही नाही. नोकरी गेली तर? नेरळात असं दुसरं ऑफिस आहे कुठे!

१४ जानेवारी, संक्रांत
संघटनेच्या सुप्रियाताईंचा फोन. माझं नाव सांगणार नाहीत. पण आम्ही पोलीस नव्हे, म्हणाल्या. खुलासा छापायला लावू, ऐकलं नाही तर सभासदत्व काढू. सरांना तेवढं पुरे — मोठे क्लायंट ते सर्टिफिकेट बघूनच येतात. समितीतली मंडळी मात्र सगळी शहरातली. ‘बघू’ या एका शब्दावर अडलीत. तिळगूळही गोड लागेना.

१६ जानेवारी
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. तक्रार कुणाची, त्यांना अजून पत्ता नाही. समितीला इथल्या माणसाकडून ‘बघू’चा अर्थ लेखी हवाय. “माधवी, तू इथलीच. होकार असतो असं लिहून दे. देशील ना?”

आवाज नीट निघाला.

“बघू,” म्हटलं.

सर खूश. सगळ्या ऑफिसला चहा सांगितला.