विळदवरून परत गेलेला मासा

देवळाली प्रवरा

प्रिय बशीरभाई,

काल दुपारी टाकीत मासा सोडला. तोच! बोटाएवढा, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. नगरहून निघताना पिशवीतल्या पाण्यात तुझ्या मांडीवर बसला होता तो. तू असतास तर ओरडत तुझ्या काचेच्या दुकानात शिरलो असतो. आता कुठे ओरडू? म्हणून हे पत्र.

तुझ्या घरून रझियाभाभी बघायला आल्या होत्या. काचेला नाक लावून म्हणाल्या, "एवढुशा जिवापायी तुमी दोघं सहा महिने घरदार विसरला व्हय?" हसल्या, आणि लगेच पदर डोळ्यांना लावला.

खूळ माझंच होतं. मोबाइलवर पाहिलं आणि ठरवलं, खाऱ्या पाण्याची पाच फुटी टाकी घरी करायची. मोटारींचं वाइंडिंग करणारा मी, समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलेला. सगळे हसले. तू एकट्याने कानावरची पेन्सिल काढलीस आणि विचारलंस, "उंची किती धरू?"

राहुरीत कापडदुकानाची दर्शनी काच भंगारात निघाली होती, ती तू आणलीस. स्टँडला उसाच्या मोडक्या ट्रॉलीचे अँगल, गाळणीला निळा ड्रम. काचा चिकटवून, टाकी साध्या पाण्याने भरून, खाली वर्तमानपत्र अंथरून आठ दिवस ठेवलीस. रोज येऊन कागदाला हात लावायचास. एकदाही ओला लागला नाही. तुझा हात तसाच होता रे!

माझा हात मात्र घाईचा. आपल्या बोअरचं पाणी मचूळ. उसाला पाणी पाजून पाजून जमीनच खारावलेली. मी म्हटलं, अर्धा समुद्र तर फुकट मिळाला! त्यातच समुद्री मीठ कालवलं. बारा दिवसांत टाकी कोथिंबिरीच्या चटणीसारखी हिरवीगार. तू आलास, वाकून पाहिलंस.

"दत्तू, ह्यो समुद्र न्हाई. शेतातला सगळा युरिया उतरलाय ह्यात. मासं सोडतो का ऊस लावतो?"

सगळं उपसलं. शुद्ध पाण्याचे तीस जार ओतून पुन्हा मीठ कालवलं. नगरच्या मत्स्यालयवाल्याने नियम सांगितला होता : पाणी आधी पिकू द्यायचं. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकायचं. ते कुजून विष होतं, आणि ते विष खाणारे जिवाणू दगडांवर धरले की मगच मासा. तोवर नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. हिरवं झालं तर विष, पिवळं राहिलं तर चांगलं. तुला फार गंमत वाटायची. "कोन न्हाई त्याला जेवायला घालतोय आपला दत्तू!"

त्याच दिवसांत तुझी किडनी थकली. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला नगरला. व्हॅन मी चालवायचो. तुझं चालूच : "मला पन फिल्टर लावलाय. बघ, तुझं पानी आधी पिकतंय का माझं!"

आणि एक दिवस डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. काय म्हणाले ते तुला सांगितलं नाही. तुला कळलं असणारच. तू आत मशीनवर होतास, आणि मी सरळ मत्स्यालयात जाऊन हा मासा घेतला. तू टाकी बांधलीस, आणि तिच्यात मासा पोहताना पाहायचाच नाहीस? मला सोसवेना.

पिशवी तुझ्या मांडीवर ठेवली. तुझा चेहरा काय उजळला! बोटाने पिशवीवर टिचकी मारून म्हणालास, "काय पाव्हणं, कुठलं गाव?" वाटेतल्या विळदपर्यंत त्याच्याशीच बोलत होतास. मग एकदम विचारलंस,

"पानी पिवळं झालं का रे?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हंजी? सकाळी काय रंग हुता?"

मी नजर रस्त्यावरच ठेवली.

"हिरवा हुता ना? मग गाडी वळव."

"बशीरभाई, तू दमलायस. एकच तर मासा आहे."

"मला दाखवायला त्याला मारतो का? मी बघितला की. हे काय, बघतोच हाय. वळव म्हनलं ना!"

मशीनवरून उठून आलेला माणूस, बसवत नव्हतं तुला. तरी पुन्हा नगरला गेलो. दुकानदाराने पिशवी घेतली, तेव्हा तू त्याला बजावलंस, "ह्यो आमचाय. विकू नका. पिवळं झालं की दत्तू न्यायला येईल."

त्यानंतर नवव्या दिवशी तू गेलास. पाणी पिवळं राहायला आणखी तीन आठवडे लागले. थोडा थांबला असतास तर काय बिघडलं असतं? दुसऱ्याला थांबायला शिकवलंस आणि स्वतःच घाई केलीस!

खूप दिवस मला वाटायचं, त्या दिवशी मी तुझं ऐकायला नको होतं. काल मासा दगडांमधून सुळकन निघाला आणि काचेपाशी येऊन थांबला, तेव्हा ते वाटणं गेलं. मी हट्ट केला असता, तर दोन दिवसांत तो तुझ्या डोळ्यांदेखत उलटा तरंगला असता. तू मला त्यातून वाचवलंस. तेही अंगात त्राण नसताना. बशीरभाई, कसे पांग फेडू?

आज सकाळी भाभी पुन्हा आल्या. "दत्तूभाई, एकटाच हाय हो बिचारा. जोडीदार आना की बिगीनं." त्यांच्या तोंडून ते ऐकवलं नाही मला. आणायचाच आहे. पण एका माशाची घाण पचवायला शिकलेलं पाणी दुसऱ्याची लगेच पचवेल असं नाही. महिनाभर रोज नळी बघीन. भाभी रागावतील, माझंही मन ओढ घेईल. तरी रंग पुरता पिवळा राहिल्याशिवाय आणणार नाही. हा शब्द देतो तुला. आणि ज्या दिवशी आणीन, त्या दिवशी पिशवी भाभींच्या हातात देऊन, त्यांनाच सोडायला लावीन.

तुझाच,
दत्तू