सत्तेचाळीस मिनिटांची करवत

प्रिय कोरीन मावशीस,

तिर्झाचा नमस्कार. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (डाव्याची चौकशी गेल्या पत्रात केली होती. उत्तरात त्याचा उल्लेख नव्हता, म्हणजे तो बरा आहे असं धरते.) टोमॅटोची रोपं या वर्षी खिडकीत लावलीस की थेट अंगणात? घरचे सगळे खुशाल आहेत असं पुढच्या ओळीत लिहायची पद्धत आहे. शेळ्या खुशाल आहेत. बाकीच्यांसाठी हे पत्र आहे.

मी तीन आठवड्यांच्या रजेवर मिसुरीला, घरी आले आहे. माझं काम तुला माहीत आहे: धान्याच्या कोठारांवरचे ट्रक तोलायचे काटे आणि पेट्रोल पंपांची मापं तपासायची, चुकली असतील तर लाल चिठ्ठी लावायची. दिवसभर लोक माझ्याकडे संशयानं बघतात, आणि मी त्यांच्याकडे. त्यामुळे रजेत कोणावरही संशय घ्यायचा नाही असं ठरवून आले होते. हा निश्चय सोमवारी केला आणि गुरुवारी दुपारी मोडला.

झालं असं, की येत्या बारा तारखेला स्प्रिंगफील्डला घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचं संमेलन आहे आणि आई तिथे बोलणार आहे. विषय ‘घंटेविना वीस वर्षं’. ‘माझी तीन मुलं एकही तास शाळेच्या बाकावर न बसता वाढली,’ हे भाषणातलं तिसरं वाक्य आहे. (भाषण आम्ही सगळ्यांनी सात वेळा ऐकलंय. बाबा घोड्याला नाल ठोकता ठोकता ते म्हणतात.) या वाक्यानंतर आईला एक आकडा हवा होता, या वर्षीच्या एकूण तासांचा. सरकारला वर्षाचे एक हजार तास दाखवायचे असतात, आईला त्याहून जास्त दाखवायचे होते. आणि बेरजेखाली सही माझी हवी होती, कारण मोजणं हा माझा धंदा आहे.

आमची नोंदवही तू पाहिलेली नाहीस. अठरा वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तू आईला म्हणालीस, “लिनेट, मुलं घरात कोंडून ठेवशील तर ती शेळ्यांच्या भाषेत बोलतील,” आणि तेव्हापासून या घरात तुझ्यासमोर ती वही कोणी काढत नाही. रोज संध्याकाळी आई मुलांना विचारते, आज काय शिकलात. मुलं सांगतात, आई निळ्या शाईनं लिहिते. तारीख, विषय, मिनिटं. या घरात फुकट काही जात नाही. भोपळ्याचा केक भाजला की अपूर्णांक आणि उष्णता, ऐंशी मिनिटं. शेळी व्याली की जीवशास्त्र. पोस्टात रांगेत उभं राहणं हे नागरिकशास्त्र. जानेवारीत वीज गेली होती तेव्हा ‘एकोणिसाव्या शतकातलं जनजीवन’, चार तास. मेरीबेथ चौदा वर्षांची झाल्यापासून तिची आईशी होणारी भांडणं ‘वक्तृत्व’ या सदरात जातात, आणि त्यात ती राज्यात पहिली यावी इतके तास भरले आहेत.

गिडियनच्या नावापुढे सप्टेंबरअखेरपासून एक नोंद सतत दिसत होती: हकबीची करवत, व्यवहारी गणित. तो सोळा वर्षांचा आहे, त्याला गाडी चालवता येते, आणि तो रोज सकाळी हकबी म्हाताऱ्याच्या लाकूड कापायच्या गिरणीवर शिकायला जातो असं घरात सगळ्यांना माहीत होतं. अशा एकशे बारा नोंदी. प्रत्येक नोंद सत्तेचाळीस मिनिटांची.

मावशी, मी आठ वर्षं काटे तपासते आहे. काटा थोडा इकडेतिकडे हलला तर मला काळजी वाटत नाही. तो एकशे बारा वेळा एकाच आकड्यावर थांबला की मी गाडीतून हत्यारं काढते. कुठलीच करवत रोज नेमकी सत्तेचाळीस मिनिटं चालत नाही. पट्टा सुटतो, ओंडका अडकतो, हकबीला खोकला येतो. शिवाय सुट्ट्या पाहिल्या. नाताळात दोन आठवडे बंद, हे ठीक. पण फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी, जेव्हा सरकारी कचेऱ्या बंद असतात, तेव्हा लाकडालाही सुट्टी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीवर गेले. फाटकाला साखळी होती आणि साखळीवर गंज. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, हकबी ऑक्टोबरातच लेकीकडे ॲरिझोनाला गेला, सगळ्या गावाला माहीत आहे. (सगळ्या गावाला माहीत असलेलं आईला कसं माहीत नाही, हे मी तेव्हा स्वतःला विचारायला हवं होतं. विचारलं नाही.) परतताना गावाबाहेरच्या हायस्कूलसमोरून आले. तिथे पिवळ्या बसगाड्यांच्या मागे आमचा ट्रक उभा होता. चुकायला जागा नव्हती. मागच्या फळीला आमच्या शेळीनं खाल्लेला अर्धा दोर लोंबत होता.

मी पाच मिनिटं गाडीतच बसले. मुलगा दारू प्यायला असता, कोणा मुलीला भेटत असता, पत्ते खेळत असता, तर काय करायचं ते मला ठाऊक होतं. त्यावर पुस्तकं आहेत. घरातून चोरून शाळेत जाणाऱ्या मुलाचं काय करतात ते कुठेही लिहिलेलं नाही.

आत कचेरीत ओळखपत्र दाखवलं, त्यांनी माझ्या छातीवर ‘पाहुणा’ अशी चिठ्ठी चिकटवली. (दुसऱ्यांना चिठ्ठ्या लावायची सवय असलेल्या माणसाला ते विचित्र वाटतं.) चौदा नंबरच्या खोलीच्या दाराला उभी काच आहे. तिसऱ्या ओळीत गिडियन बसला होता. त्यानं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. मी घड्याळ लावलं नाही, पण चाळीस सेकंद नक्की. हा मुलगा आमच्या घरी कोणी बोलत असताना मध्ये बोलतो, कोणी बोलत नसताना बोलतो आणि झोपेतही बोलतो. बाईंनी मान हलवली तेव्हा तो बोलला. मग त्यांनी पुन्हा मान हलवली, या वेळी आडवी. उत्तर चुकलं होतं. आणि मावशी, तो हसला. चूक झाल्यासारखा नाही, बक्षीस मिळाल्यासारखा.

तेवढ्यात घंटा झाली. तू शाळेत शिकवताना एकतीस वर्षं ती ऐकलीस, तुला काही वाटणार नाही. मी सव्वीस वर्षांची आहे, आणि मी भिंतीला चिकटून उभी राहिले. सगळी दारं एकदम उघडली. त्या लोंढ्यातून गिडियन समोर आला, मला पाहून पांढरा पडला, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: “ताई, इथे थांबायचं नसतं. तीन मिनिटांत बाहेर पडावं लागतं.”

ट्रकमध्ये त्यानं सगळं सांगितलं. घरी शिकणाऱ्याला वर्षाला एकच विषय घेता येतो, म्हणून भूमिती. कायद्याची हरकत नाही, पालकाची सही लागते. सही बाबांची. (बाबांना नंतर विचारलं. ते म्हणाले, “मी वाचलं नाही. तुझी आई म्हणते मुलांवर विश्वास ठेवा. ठेवला.” आणि पुढचा नाल उचलला.) मेरीबेथला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तेव्हापासून तिच्या वाटणीच्या सगळ्या शेळ्यांचं दूध गिडियन काढतो. “आई विचारते तेव्हा मी नुसतं ‘तासभर’ म्हणतो,” तो म्हणाला. “तासभर म्हणजे खोटं नाही ना?”

मी त्याला विचारलं, का. त्यानं पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. चाचणीचा पेपर होता, वर लाल पेन्सिलनं सी-मायनस. जेमतेम पास. लोक पाकिटात प्रेयसीचा फोटो ठेवतात तसा तो त्यानं प्लास्टिकमध्ये ठेवला होता. “घरी मी काहीही केलं तरी आई म्हणते, वा, काय वेगळा विचार केलास. मी कपाट वाकडं केलं तरी वेगळा विचार. ताई, सोळा वर्षांत मला कोणी सांगितलंच नाही की हे चूक आहे. हे खरं माप आहे.”

मापाबद्दल माझ्याशी या घरात याआधी कोणी कधी बोललेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याला बीजगणितही घ्यायचंय. पण संमेलन बारा तारखेला आहे. आई तीनशे माणसांसमोर ते तिसरं वाक्य म्हणणार, आणि त्या तीनशेंत शाळेच्या वाहनचालकाची बायको असणार, कारण ती दरवर्षी असते. आधी सांगावं तर आईची वीस वर्षं एका वाक्यात मोडतात आणि गिडियनची भूमिती सुटते. न सांगावं तर ती सगळ्यांसमोर मोडतात. मधल्यामध्ये माझी सही आहे. मी त्या एकशे बारा नोंदींची बेरीज तीनदा केली. अठ्ठ्याऐंशी तास चव्वेचाळीस मिनिटं. नसलेल्या करवतीची मिनिटं मी प्रमाणित कशी करू?

म्हणून तुला लिहिते. फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं स्वतः पूर्ण करतेस. तू बारा तारखेच्या आत इकडे ये आणि आईला सांग. मी सांगितलं तर ती रडेल. तू सांगितलंस तर तिला राग येईल, आणि राग तिला जास्त मानवतो. सोबत शेळीच्या दुधाचा साबण पाठवते आहे (रसायनशास्त्र, दीड तास).

तुझी,
तिर्झा

ता. क. पत्र बंद करण्याआधी एक गोष्ट लक्षात आली. गिडियन रोज ‘तासभर’ म्हणतो. नोंद लिहिते आई. मग सत्तेचाळीस कोणी मोजली?

मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. आई कणीक मळत होती, हात थांबले नाहीत. ती म्हणाली, “पहिल्याच आठवड्यात त्याचे कपडे धुतले. खिशात भुशाचा एक कण नाही. करवतीवरून येणारा मुलगा इतका स्वच्छ?” मग ती दोन दिवस शाळेसमोर गाडी लावून बसली होती. घंटेपासून घंटेपर्यंत मिनिटं मोजली, आणि मगच वहीत पहिली नोंद केली. मी म्हटलं, तू बोलली का नाहीस. “बोलले असते तर त्याला परवानगी मिळाली असती,” ती म्हणाली. “चोरून गेला म्हणून टिकला. या घरातल्या एकाही मुलानं गणित असं जीव टाकून केलेलं नाही, आणि त्यात तू आलीस.” भाषणातल्या तिसऱ्या वाक्याचं विचारलं. ते तिनं सप्टेंबरातच खोडलंय म्हणे, आम्हाला ऐकवताना फक्त म्हणते, गिडियनचा चेहरा बघायला. तिची अट एकच आहे: कोरीनला यातलं काही कळता कामा नये. अठरा वर्षं ती तुझ्याशी भांडण जिंकत आली आहे, आणि आता हरायचं नाही.

तेव्हा तू येऊ नकोस, आणि हे पत्र वाचलं नाहीस असं समज.

ता. क. दोन. हे पत्र मी टेबलावर ठेवून शेळ्यांकडे गेले होते. परत आले तर पाकिटावर तिकीट लावलेलं होतं आणि तुझा पत्ता आईच्या अक्षरात. नोंदवहीत माझ्या नावानं नवी ओळ आहे: पत्रलेखन, दोन तास दहा मिनिटं. (माझं शिक्षण संपून आठ वर्षं झाली.) आणि तिसऱ्या पानाच्या समासात लाल पेन्सिलनं लिहिलं आहे. आमच्या घरात लाल पेन्सिल नव्हती, कुठून आणली ते मी विचारलेलं नाही. ‘एकशे बारा गुणिले सत्तेचाळीस म्हणजे सत्त्याऐंशी तास चव्वेचाळीस मिनिटं. अठ्ठ्याऐंशी नाही. तीनदा केलीस तरी. सी-मायनस.’

मी चौथ्यांदा केली. तिचं बरोबर आहे.

आता खरी विनंती. बाकीचं पत्र हवं तर ठेव, आईशी भांडायला उपयोगी पडेल. तिसरं पान मात्र वाचून झालं की मला परत पाठव. जास्तीची घडी पाडू नकोस. माझ्या पैशांच्या पाकिटात किती जागा आहे ते मी मोजून ठेवलं आहे.